फिल्टर कॉफी: डिकॉक्शन कधी ठिबकतच नाही, कधी धो धो उतरतं

पेठेतला भाडेकरू

नमस्कार मंडळी,

शेजारच्या मावशी कोइमतूरला मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या आणि जाताना त्यांचा स्टीलचा कॉफी फिल्टर आमच्या हवाली करून गेल्या. दोन मजली भांडं, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, आत दांडीची चकती, वर झाकण. मावशींच्या हातची कॉफी कित्येकदा प्यायलोय. आता त्याच फिल्टरातून आमच्याकडे जे उतरतं त्याला कॉफी म्हणायला जीभ रेटत नाही.

अडचण अशी आहे. कधी कधी वर ओतलेलं पाणी तसंच ठाण मांडून बसतं. रात्री जेवणं झाल्यावर ओतलं तर सकाळी निम्मं वरच असतं आणि खाली कपाचा तळ जेमतेम झाकेल एवढं काळंकुट्ट, कडू रसायन. आणि कधी पाच मिनिटांत सगळं धो धो खाली. रंग कोऱ्या चहाचा, चव आंबूस आणि पाणचट. भांडं तेच, करणारा तोच.

मी करतो ते असं: तीन मोठे चमचे पूड, चकतीने चांगली गच्च दाबायची, खळखळ उकळतं पाणी काठोकाठ, झाकण. उतरलेलं डिकॉक्शन दुधात घालून दोन्ही एकत्र उकळतो, चहासारखं. घरात पुडी दोन आहेत. एक सुपरमार्केटातलं पाकीट, त्यावर मुंगीच्या अक्षरात ‘कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के’ असं लिहिलंय. दुसरी मित्राने कूर्गहून आणलेली, शंभर टक्के अरेबिका जातीची. जी हाताला लागेल ती घालतो.

बायकोचं म्हणणं, इन्स्टंट कर, वर जायफळ घाल आणि गप्प बस. फिल्टर मोडीत जायच्या आत काहीतरी सांगा. मशीन घ्यायचं नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

गवतीचहा

इन्स्टंट कॉफी दोन चमचे, साखर दोन चमचे, पाणी अर्धा चमचा. पांढरं होईस्तोवर फेटा, वरून गरम दूध. हात भरून येतो पण पाणी अडत नाही. बाकी चालू द्या, मी खुर्ची ओढून बसलोय.

हुबळीची सून

भाडेकरू दादा, एक विचारते. पाणी अडतं त्या दिवशी पाकिटातली पूड असते आणि धो धो उतरतं त्या दिवशी मित्राची, असं तर नाही ना? मला वाटतं असंच असणार. तसं असेल तर फिल्टरवर उगाच आळ घेताय.

माझ्या सासऱ्यांचं हुबळीत कॉफी भाजून, दळून द्यायचं दुकान होतं. मी माहेरची सोलापूरची, चहावर वाढलेली. पण लग्नानंतर दुपारचं गल्ल्यावर बसायचं काम माझ्याकडे आलं आणि मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्याच आठवड्यात बजावलं, गिऱ्हाइकाला ‘किती देऊ’ नंतर विचारायचं, आधी ‘फिल्टरला की उकळून गाळायला’ ते विचार. त्यावर चक्कीचा काटा फिरायचा. फिल्टरची पूड चिमटीत धरून चोळली तर बारीक रव्याहून बारीक लागायला हवी, पण मैद्यासारखी बोटांच्या रेषांत भरून बसता कामा नये. त्या दोघांच्या मधलं एक दळण असतं, ते हाताला कळलं की निम्मं काम झालं.

मित्राची पूड हातात घेऊन बघा. कूर्गला पर्यटकांना विकतात ती बरेचदा फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे पूड पाण्यात भिजवून जाळीने खाली दाबायच्या भांड्यासाठी, जाड दळलेली असते. फिल्टरात पाणी तिच्यातून नुसतं पळतं, कॉफी उतरायला वेळच मिळत नाही. आंबूस लागतं ते म्हणूनच. पुडीतले आंबट अंश आधी उतरतात, गोडसर अंश त्यांच्या मागून, आणि फार वेळ पाणी राहिलं तर शेवटी कडू. रात्रभर अडून बसलेल्या पाण्याने तुम्हाला तो शेवटचा वाटा दिला.

पाकिटातल्या पुडीची गोष्ट वेगळी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकतं. ते वाळवून, भाजून दळतात. त्यात कॅफिन नसतं. पण पाण्यात ती कॉफीपेक्षा जास्त विरघळते, ओली झाली की चिकट होते आणि डिकॉक्शनला काळा रंग, दाटपणा देते. तुमच्या पाकिटात जवळजवळ निम्मी तीच आहे. नियमात बसतं बरं का. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं, एवढाच कायदा. अशी पूड गच्च दाबली की तिचा चिखल होतो. मग पाणी जाणार कुठून?

चिकोरीला मी नावं ठेवणारी नाही. दुकानात लोक यायचे, छाती काढून ‘बिनचिकोरीची द्या’ म्हणायचे आणि पुढच्या खेपेला हळूच ‘थोडी घाला’ म्हणायचे. दूध घालून प्यायची असेल तर १५ ते २० टक्के चिकोरीने कॉफीला अंग येतं. ३० च्या पुढे गेलात की कॉफीचा वास मागे पडतो आणि करपलेल्या साखरेची चव पुढे येते.

आता कृती. चकती पूड ठेचायला दिलेली नसते. पाण्याची धार पडून पुडीत खड्डा होऊ नये यासाठी ती असते. पूड घातली की भांड्याला बाजूने टिचक्या मारून सपाट करा, चकती अलगद टेकवा, बस. मित्राची जाड पूड आहे तोवर तिला मात्र दाबा, तिथे दाबण्याने फायदाच होईल.

चमचे सोडा, घरात वजनकाटा असेल तर तो काढा. दोघांसाठी २५ ग्रॅम पूड आणि १२५ मिली पाणी. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे खाली ७५ मिलीच्या आसपास उतरेल. काठोकाठ भरून ‘जरा जास्त निघेल’ असा हिशेब केला की जास्त निघतं ते पाणीच.

पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा. आधी दोन-तीन चमचेच घाला, पूड नुसती भिजेल एवढं. आणि बघा. ताजी भाजलेली असेल तर पूड फुगते, चकतीच्या कडेने बुडबुडे येतात. भाजताना दाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड असा बाहेर पडतो. शिळी पूड ढिम्म बसते, हूं की चूं नाही. पुडी ताजी म्हणून विकणाऱ्याची परीक्षा इथेच होते. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी सावकाश ओता, झाकण ठेवा आणि आपल्या कामाला लागा. १५ ते २० मिनिटांत उतरलं तर दळण बरोबर. ९२ अंश की ९६ अंश, थर्मामीटर घालून बघणारे बघोत. स्टीलच्या गार भांड्यात पडलं की पाणी थोडं निवतंच.

एवढं करूनही अडलं तर दोन गोष्टी बघा. वरचं भांडं खालच्यात फार घट्ट बसलं असेल तर खालची हवा कोंडते आणि ठिबकणं थांबतं. वरचं जरासं उचलून पुन्हा टेकवा, लगेच टपटप ऐकू येईल. दुसरं म्हणजे भोकं. मावशींचा फिल्टर जुना आहे ना? वरचं भांडं रिकामं करून ट्यूबलाइटकडे धरा आणि डोळा लावून बघा किती भोकांतून उजेड येतो. कॉफीत तेल असतं, ते बारीक पुडीला धरून भोकात बसतं आणि साबणाने निघत नाही. भांडं कोरडं करून, सांडशीत धरून बुडाकडून बारीक आचेवर फिरवायचं. आधी कॉफीचा, मग जळकट वास येतो, थोडा धूर होतो आणि भोकातला मळ राख होऊन जातो. गार झाल्यावर जुन्या टूथब्रशने घासा. हे फक्त स्टीलला. कुणाकडे पितळी फिल्टर असेल तर त्याला आचेवर धरू नका. आतली कल्हई कथिलाची असते, कथील २३२ अंशांला वितळतं, आणि कल्हईवाला शोधत फिरायची पाळी येईल.

राहता राहिलं दूध. दादा, डिकॉक्शन उकळू नका. सगळा वास स्वयंपाकघरात जातो आणि पेल्यात कडूपणा राहतो. पेल्यात साखर, त्यावर डिकॉक्शन, वरून कडकडीत दूध, मग एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायचं. डिकॉक्शन गार झालं असेल तर त्याची वाटी गरम पाण्यात ठेवायची. दूध ताजं, एकदाच उकळलेलं. सकाळपासून तीनदा तापवून साय काढलेलं दूध असेल तर सरळ चहा टाका.

सहाणखोड

हुबळीची सून यांनी मस्त समजावलंय, पण वहिनींच्या बाजूने कुणीच बोलेना म्हणून मी बोलते.

आमच्या माहेरी, सांगलीला, फिल्टर नव्हता. कॉफी म्हणजे पाहुणे आले की, उपासाला, किंवा रात्री भजन असलं की. पातेल्यात पाणी आणि साखर उकळायची, गॅस बंद करून कॉफीची पूड टाकायची, वर झाकण, झाकणावर वजन. चार-पाच मिनिटांनी पूड खाली बसली की पंचाच्या धुवट तुकड्यातून गाळायची. दूध वेगळं तापलेलं. आणि जायफळ सहाणेवर दुधाच्या थेंबात दोन वेढे उगाळून त्याचं गंध दुधात सोडायचं. किसणीवर किसून टाकलेलं जायफळ कपाच्या तळाशी रेतीसारखं बसतं, ते मला नाही चालत. वेलची घालणारे घालतात, माझ्या मते जायफळ असताना तिने येऊ नये.

यात काय कमी आहे सांगा. भांडं लागत नाही, काटा लागत नाही. फक्त जायफळ बेताने. जास्त झालं तर चव औषधी होते आणि भजन सोडून मंडळी जांभया देतात, अशी आमच्याकडे थट्टा चालायची.

हुबळीची सून

सहाणखोड ताई, कमी काहीच नाही. झाकून ठेवणं आणि नंतर गाळणं, फ्रेंच प्रेस दुसरं काय करतो? त्यातही चार मिनिटंच ठेवतात. गॅस बंद करून पूड टाकायची हे तुमच्या आईंनी सांभाळलं. बऱ्याच घरी पूड पाण्यात खळाखळा उकळतात आणि कडूपणा झाकायला जायफळ आणतात. तुमच्याकडे जायफळ हौसेचं दिसतंय. या पद्धतीला पूड मात्र जाड हवी. भाडेकरू दादांच्या मित्राची पूड याच कामाची आहे.

पेठेतला भाडेकरू

ताई, तुम्ही आमच्या ओट्याशी उभ्या राहून बघितल्यासारखं लिहिलंत. पाकिटाची पूड अडते, मित्राची पळते, अगदी तसंच. ट्यूबलाइटकडे धरून बघितलं तर मधल्या भागातली भोकं जवळजवळ सगळी बंद. गॅसवर धरलं. धूर एवढा झाला की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी काय करपलं विचारलं. पण घासल्यावर पाणी ओतलं तर झारीसारखं सरळ खाली.

मित्राची पूड आता सहाणखोड ताईंच्या पद्धतीने संपवतो. नवीन पूड आणायचीय. दुकानात जाऊन नेमकं काय मागू? पाटीवर पीबेरी, प्लांटेशन ए, चेरी असं काय काय लिहिलेलं असतं, त्यातलं ओ का ठो कळत नाही. आणि दाणे आणून घरच्या मिक्सरवर दळले तर?

अजून एक. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी असतं. चहाला साय धरते त्याने. कॉफीला फरक पडतो का?

इसारकाठचा

पाण्याचं मी सांगतो, कारण म्युनिकला येऊन आमचं पहिलं भांडण पाण्याशीच झालं. इथलं नळाचं पाणी चांगलंच जड आहे, किटलीत काही आठवड्यांत पांढरं कवच धरतं. पुण्याहून आणलेली तीच पूड, तेच माप, आणि कॉफी सपक. आंबटपणा कमी झाला असता तर चाललं असतं, पण फळासारखा जो ताजेपणा असतो तोही गायब.

कारण सोपं आहे. जड पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं आणि ते कॉफीतल्या आम्लांना मारून टाकतं. उलट आरओचं पाणी फारच रितं असतं. पुडीतून चव ओढून घ्यायला पाण्यात थोडं मॅग्नेशियम, कॅल्शियम लागतं. कॉफीवाल्या मंडळींचं माप साधारण १५० पीपीएम (लिटरमागे १५० मिलिग्रॅम) क्षारांचं आहे, ७५ ते २५० मध्ये चालून जातं. पुण्यात महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी हलकं असतं, ते कॉफीला उत्तम. टँकर बहुतेक बोअरचा असणार. घरी आरओ असेल तर आरओ आणि टँकरचं पाणी निम्मं निम्मं करा. दोन बाटल्या लागतात, दुसरा खर्च नाही.

मी स्वतः दूध घालत नाही. कागदी फिल्टरचा शंकू, १५ ग्रॅम पूड, २५० मिली पाणी, तीन मिनिटं. पण तुमच्या धाग्यावर काळी कॉफी आणून वाद वाढवत नाही.

गवतीचहा

वाढवा हो. खुर्ची कशाला ओढलीय मग.

वऱ्हाडी पाहुणा

दादा, मशीन नको म्हणता ते ठीक, पण मोका पॉट मशीनमध्ये धरू नका. ॲल्युमिनियमचं आठकोनी भांडं, इटलीत १९३३ मध्ये बियालेत्तीने काढलं, तेव्हापासून रूप फारसं बदललं नाही. वीज नको, कागद नको. खालच्या खणात गरम पाणी, बाजूच्या व्हॉल्व्हच्या खाली राहील एवढंच. मधल्या चाळणीत पूड सपाट भरायची, दाबायची नाही. बारीक आच. वर मधाच्या रंगाची धार येऊ लागली की लक्ष ठेवायचं आणि फुरफुर आवाज आला की लगेच उतरवायचं. तो आवाज ऐकून आपण खूश होतो, पण वाफ पूड जाळत असते तेव्हाचा तो आवाज आहे. अमरावतीच्या थंडीत सकाळी सहाला दुसरं काही सुचत नाही.

एकच, इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा तापत नाही, स्टीलचा घ्यावा लागतो.

आणि महाराष्ट्रातही कॉफी होते बरं. आमच्या चिखलदऱ्याला जाल तेव्हा मळा बघून या, पूडही मिळते. फार उंची प्रतीची नाही, पण घरची आहे.

हुबळीची सून

भाडेकरू दादा, पाटीचं सांगते. एकदा कळलं की सोपं आहे.

आपल्याकडे व्यापारात ‘प्लांटेशन’ म्हणजे अरेबिकाची फळं सोलून, धुऊन वाळवलेला दाणा. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात, तिचा दाणा तसाच धुतलेला असेल तर त्याला ‘पार्चमेंट’ म्हणतात. ‘चेरी’ म्हणजे फळ अख्खंच उन्हात वाळवून मग फोडलेलं, मग ते अरेबिका असो की रोबस्टा. ए, बी, सी ही दाण्याच्या आकाराची प्रत, चाळणीवर ठरते. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी झालेली. सगळ्या झाडांवर थोडी थोडी सापडते, ती वेगळी निवडतात. गोल दाणा भाजताना तव्यावर, म्हणजे ड्रममध्ये, सारखा लोळतो, त्यामुळे भाजणी एकसारखी होते. बाकी तिच्याबद्दल दुकानदार जे कौतुक सांगतात त्यातलं निम्मं वजा करा. आमचे मामाही सांगायचे, मी समोर बसूनच ऐकलंय.

तुम्ही दूधवाले. तुमच्यासाठी प्लांटेशन ए आणि पीबेरी निम्मी निम्मी, भाजणी मध्यम ते जरा गडद. गडद म्हणजे दाण्यावर तेल चकाकेल एवढी नको. दुधात ‘अजून जोर हवा’ वाटलं तर पुढच्या वेळी चौथा हिस्सा रोबस्टा घालून बघा. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, फेस आणि दाटपणाही जास्त. फक्त रात्रीच्या कॉफीला ती नको. त्यावर चिकोरी १५ टक्के. चिकोरी वेगळी पुडी करून मागा आणि घरी मिसळा, म्हणजे तुमची तुम्हाला बेरीज-वजाबाकी करता येते. पुण्यात रास्ता पेठेत दक्षिणी वाणसामान मिळतं तिथे विचारा, मुंबईला गेलात तर माटुंग्यात समोर दळून देणारी जुनी दुकानं आहेत. ‘फिल्टरला’ एवढं सांगायचं आणि चक्कीतून पडताना चिमूट हातावर घ्यायची. लाजायचं नाही. ज्याला चिमूट दाखवायला आवडत नाही त्याच्याकडून घेऊच नये. आणि आधीच्या गिऱ्हाइकाचं दळण जाड असेल तर ते चक्कीत थोडं राहिलेलं असतं, म्हणून पहिली मूठ बाजूला काढायला सांगा.

१०० ग्रॅमच आणा. दळलेल्या कॉफीचा वास दोन आठवड्यांत उडायला लागतो, पाव किलो स्वस्त पडली म्हणून आणून शेवटची निम्मी भुसा म्हणून प्यायची यात बचत कसली? डबा घट्ट झाकणाचा, कपाटात. फ्रिजमध्ये नको, पूड ओल धरते आणि शेजारच्या लसणाच्या चटणीचा वासही.

मिक्सरवर दळता येतं, पण तो कापतो, दळत नाही. त्यातून काही मैदा होतो आणि काही भरड राहते. दळायचंच असेल तर थोडे दाणे, दोन-तीन सेकंदांचे झटके, मध्ये भांडं हलवायचं आणि शेवटी पिठाच्या चाळणीने चाळून अगदी बारीक भुकटी काढून टाकायची. ती टाकली नाही तर भोकं पुन्हा बुजतील आणि आजोबा पुन्हा विचारायला येतील. हाताने फिरवायची लहान चक्की मिळते, पाती नव्हे तर दात असलेली. पुढेमागे पैसे घालावेसे वाटले तर तिच्यात घाला.

पाण्याचं इसारकाठचा दादांनी सांगितलं ते खरं. हुबळीत बोअरच्या पाण्यावर कॉफी करणारी घरं चिकोरी जास्त मागायची, याचा उलगडा मला आत्ता झाला.

सहाणखोड

सपक पाण्याला चिकोरी आणि कडू पाण्याला जायफळ. प्रत्येक घराने आपापला इलाज काढलेला दिसतो.

पेठेतला भाडेकरू

रास्ता पेठेतून आणली. दुकानदाराने चिमूट हातावर ठेवली आणि वर विचारलं, ‘कुणी शिकवलं?’ ताई, हुबळीचं नाव सांगितलं. भिजवल्यावर बुडबुडे आले, चहा पिऊन होईपर्यंत डिकॉक्शन तयार. टँकरचं पाणी आरओबरोबर मिसळलं. बायकोने कप रिकामा करून ‘बरी आहे’ म्हटलंय, म्हणजे आमच्याकडे हे पास.

आता त्याच उत्साहात तिने पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकवाला वीस बायकांना फिल्टर कॉफी द्यायचं परस्पर ठरवून टाकलंय. या दोन कपांच्या फिल्टरातून वीस जणींचं कधी उतरायचं?

गवतीचहा

फेटायला सुरुवात करा, शुक्रवारपर्यंत होईल.

हुबळीची सून

फिल्टरातून करूच नका, सहाणखोड ताईंची पद्धत घ्या. आमच्याकडे लग्नाच्या ऑर्डरीला आचारी असंच करायचे, त्यांचं फडकं एवढं मोठं की दोघांनी धरावं लागायचं.

माणशी ३० मिली डिकॉक्शन आणि १०० मिली दूध धरा. हळदीकुंकवाचे कप लहान असतात, पुरतं. म्हणजे ६०० मिली डिकॉक्शन आणि दोन लिटर दूध. त्यासाठी २०० ग्रॅम पूड आणि एक लिटर पाणी, उरलेलं पाणी पुडीच्या पोटात जातं. दुकानात या पुडीला ‘गाळायला’ म्हणून जरा जाड दळून मागा, आणि चिकोरी २० टक्के चालेल, गर्दीच्या कॉफीला रंग दिसावा लागतो. पाणी उकळलं की गॅस बंद, पूड पसरून टाका, एकदाच ढवळा, झाकण, पाच मिनिटं. फडक्यातून आपोआप गळू द्या, शेवटी पिळू नका. पिळलं की तळचा कडू गाळ खाली येतो. बायका यायच्या तासभर आधी करून थर्मासमध्ये भरून ठेवा.

दूध दोन भांड्यांत विभागून तापवा, एक संपत आलं की दुसरं. साखर वेगळी ठेवा, हल्ली निम्म्या जणी नको म्हणतात. जायफळ सगळ्या दुधात सरसकट नको. ताईंनी सांगितलं तसं उगाळून वाटीत ठेवा, जिला हवं तिच्या कपात चमच्याच्या टोकाने. आणि फडकं नवीन आणणार असाल तर ते आदल्या दिवशी दोनदा साध्या पाण्यात उकळून वाळवा. साबण नको. नाहीतर वीस कपांना खळीचा वास येईल.